दहा अडतीस ते दहा एक्केचाळीस

त्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा मी फौजेत नाईक होतो. पूर्वेकडची सरहद्द. शेवटच्या मोटाररस्त्यापासून चार दिवसांची पायी चढण. पोस्टचं नाव लिहीत नाही. लिहायची परवानगी नाही आणि वाचणाऱ्याला त्याची गरजही नाही. बत्तीस माणसं, तीन बंकर, स्वयंपाकाचा एक लंगर आणि खाली ओढ्याच्या काठाला एक सपाट पट्टा. त्या पट्ट्याला आम्ही डीझेड म्हणायचो, म्हणजे ड्रॉपिंग झोन. आमचं पीठ, रॉकेल, औषधं आणि पत्रं तिथं आभाळातून पडायची.

मी फौजी होतो म्हटलं की आता राहतो त्या बजाजनगरातले लोक पहिला प्रश्न विचारतात, गोळी चालवली का? चालवली, सरावाच्या रेंजवर. अठरा वर्षांच्या नोकरीत माझी खरी लढाई झाली ती तांदूळ, रॉकेल आणि ढग यांच्याशी. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पडू द्या.

डीझेडचं काम माझ्याकडं होतं. विमान येणार असा संदेश आला की तासभर आधी खाली उतरायचं. पांढऱ्या कापडाचे पट्टे जमिनीवर इंग्रजी टी अक्षरासारखे अंथरायचे. धुराची कांडी पेटवून वारा दाखवायचा. रेडिओ सेट उघडायचा. आणि मग काळ्या दगडावर नजर ठेवायची.

काळा दगड म्हणजे समोरच्या खिंडीतला एक उभा खडक. मालवाहू विमान दरीच्या तोंडातून आत यायचं, आमच्या डोक्यावरून माल टाकायचं आणि त्या खिंडीसमोर उजवीकडं वळून बाहेर पडायचं. दरी अरुंद होती. दगड दिसतोय तोवर वळायला वाट आहे. दगड ढगात गेला की वाट नाही; मग पायलटनं वळण सोडून आधीच सरळ वर चढायचं. पायलटला पुढचं दिसतं, पण कोपऱ्यामागची खिंड वळेपर्यंत दिसत नाही. ती आम्हाला दिसते. म्हणून प्रत्येक फेरीला पायलट विचारायचा, "डीझेड, रॉक?" मी म्हणायचो, "रॉक क्लिअर, सर." आणि विमान वळून जाईपर्यंत दुर्बीण दगडावरून हलवायची नाही, असा आमच्या सुभेदार साहेबांचा हुकूम होता. दुर्बीण त्यांचीच होती. देताना दर वेळी सांगायचे, "कडुबा, ये दूरबीन पत्थर के लिए है, नजारे के लिए नहीं."

वेळा मी वहीत लिहायचो. मिनिटाला मिनिट. ती सवय अजून आहे. वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर मी सुरक्षा सुपरवायझर आहे. ट्रकवाले वैतागतात की हा म्हातारा 'नऊ वाजून सतरा' लिहितो, सव्वानऊ का लिहीत नाही. सव्वानऊ आणि नऊ सतरा या दोन वेगळ्या वेळा आहेत, एवढंच मी त्यांना सांगतो.

पोस्टवर माझ्याशिवाय मराठी कुणी नव्हतं. गढवाली होते, बिहारी होते, दोन तामिळ होते. माणसं सोन्यासारखी. पण दोन महिने मी मराठीत फक्त स्वतःशी बोललो होतो, आणि स्वतःशी किती बोलणार? माझी मराठी तिथं गंजायला लागली होती.

अशात एका ड्रॉपमध्ये एक खोकं आलं. त्यावर वजन, नंबर वगैरे नेहमीचं इंग्रजीत होतं आणि खाली खडूनं मराठीत लिहिलं होतं, 'उलटं करू नका, आत अंडी हायेत. सांडू लकडे, फर्दापूर.'

मी त्या खोक्यावरच बसलो. 'आहेत' नाही, 'हायेत'. फर्दापूर माझ्या गावापासून, पिशोरपासून, किती लांब? एका दमात मोटारसायकलनं जाण्याइतकं. त्या दिवशी मी लंगरातल्या प्रत्येकाला ते खोकं दाखवलं. त्यातलं 'हायेत' कुणाला कळलं नाही, तरी सगळ्यांनी मान डोलावली.

सांडू खाली मैदानी भागातल्या विमानतळावर माल बांधणाऱ्या तुकडीत होता. ही माणसं फौजेचीच. माल बांधतात आणि त्याच विमानात बसून येतात. मागचं दार उघडं असतं, कमरेला पट्टा असतो, घंटा वाजली की खोकी बाहेर ढकलायची.

उत्तर कसं पाठवायचं? पडलेले पॅराशूट गोळा करून आम्ही महिन्यातून एकदा हेलिकॉप्टरनं परत पाठवायचो. एका पॅराशूटच्या पिशवीवर मी खडूनं लिहिलं, 'अंडी पोचली. चार फुटली. कडुबा वाघ, पिशोर.'

पुढच्या खोक्यावर जवाब आला. 'चार फुटली म्हंजे तुमी झेलली नाय.'

असं सुरू झालं. वर जाताना खोकं, खाली येताना पिशवी. एकदा त्यानं आईनं केलेली जवसाची चटणी पाठवली, बिस्किटाच्या डब्यात. सुभेदार साहेबांनी हौसेनं घास भरला आणि पुढचा पाव तास शिंकत राहिले. मी ती चटणी एकोणीस दिवस पुरवली.

रेडिओवर खासगी बोलायला मनाई होती. पण शीळ घालू नये असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. सांडू धनगराचा. भरती होईपर्यंत अजिंठ्याच्या डोंगरात मेंढ्या राखलेला. शेवटची फेरी झाली की तो कुणाचा तरी माइक जवळ ओढायचा आणि मेंढ्या माघारी बोलावताना घालतात ती शीळ घालायचा. दोन आखूड आणि एक लांब, शेवटाला वर चढणारी. मी सेटचं बटण दोनदा दाबायचो. त्याला वर टक, टक ऐकू जायचं. पायलट साहेबांना हे सगळं माहीत होतं. ते चालवून घ्यायचे.

आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. रजा कधी जुळलीच नाही. एकदा तर मी संभाजीनगरच्या स्टेशनवर उतरलो आणि नंतर कळलं की तो त्याच सकाळी तिथूनच गाडीत बसला होता. त्यावर त्यानं खोक्यावर लिहिलं, 'आता शहागंजात भेटू. घड्याळाखाली, सकाळी आकरा. तुला वळखू कसा?' मी लिहिलं, 'शीळ घाल.'

फोटो का नाही मागवला, असं माझी बायको विचारते. तिचं बरोबर आहे. पण आम्हाला ते सुचलं नाही, किंवा दोघांनाही ते नको होतं. तोंड शहरातल्या त्या बाजाराच्या घड्याळाखालीच पाहायचं, असं न बोलता ठरल्यासारखं झालं होतं. मी मात्र मनात त्याची तोंडं तयार करायचो. कधी गोल, कधी उभं. कुठलंच त्याच्या शीळ घालण्याला शोभायचं नाही.

आता डाकेचं सांगितलं पाहिजे. त्या तुकडीची एक रीत होती. पत्रांची थैली नेहमी शेवटच्या खोक्यात. आधी आली तर पोस्टवरचे लोक पीठ आणि रॉकेल ओढ्यात सोडून पत्रं वाचत बसतील, हे त्यांना ठाऊक होतं. खोटं नव्हतं ते. शेवटचं खोकं ढकललं की सांडू दारात उभा राहून नारंगी रुमाल हलवायचा. म्हणजे माल संपला, डाक आली. खालून तो रुमाल टिकलीएवढा दिसायचा, असं बाकीचे सांगायचे. तो दिसला की अख्खी पोस्ट ओरडायची. शेवटच्या फेरीला लंगरी सुद्धा पळी हातात घेऊन बाहेर यायचा. सगळ्यांच्या माना त्या दाराकडं.

फक्त माझी मान दगडाकडं असायची. आठ महिने तशीच होती.

त्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. पावसाळा सरला होता, बर्फ पडायचं होतं. विमान नऊ पन्नासला दरीत आलं. पाच फेऱ्या ठरल्या होत्या. चार नीट झाल्या. रॉकेलचं एक पिंप ओढ्यात गेलं, बाकी सगळं पट्ट्यात. दहा तेहतीसला खिंडीच्या डाव्या अंगाला ढगाचा एक तुकडा आला. मी सांगितलं. पायलट साहेब म्हणाले, "रॉजर. एक ही बचा है. डाक है."

दहा अडतीसला विमान दरीच्या तोंडाशी होतं.

"डीझेड, रॉक?"

मी दुर्बिणीतून पाहिलं. दगड पूर्ण दिसत होता.

"रॉक क्लिअर, सर."

आणि मग मी दुर्बीण दगडावरून काढली.

कारण लिहायला दोन ओळी पुरतात. मागच्या खोक्यावर त्यानं लिहिलं होतं की रजेचा अर्ज टाकलाय. माझीही रजा लागणार होती. महिन्याभरात आम्ही शहागंजात उभे राहणार होतो. मला तोवर दम निघाला नाही. एकदाच, दारात उभा असताना, त्याचं तोंड पाहायचं होतं.

हलत्या विमानावर दुर्बीण जुळवणं सोपं नसतं. विमान ठिपक्याएवढं असल्यापासून मी ते धरून ठेवलं. दुर्बिणीचं चाक फिरवत राहिलो. विमान मोठं होत गेलं. आवाज दरीत भरला. दहा चाळीसला ते डोक्यावर आलं, खोकं बाहेर पडलं, पॅराशूट उघडलं, आणि दारात तो दिसला.

तो उभट चेहऱ्याचा होता. सावळा. कानाला हेडसेट. मिशी होती, नवी असावी, कडा सारख्या नव्हत्या. तो हसत होता. उजव्या हातात रुमाल आणि डावा हात दाराच्या कडेला. तो खाली पाहत होता, आणि मला वाटलं, अजून वाटतं, की तो मलाच शोधत होता. हे सगळं तीन-चार सेकंद.

सेटमधून शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

मी बटण दोनदा दाबलं आणि दुर्बीण खिंडीकडं वळवली. दगड नव्हता. खिंड पण नव्हती. सगळं पांढरं.

"रॉक गॉन! मुडना मत सर, ऊपर जाइए, ऊपर जाइए!"

दहा एक्केचाळीस. विमान वळणात होतं. त्यांनी चढायचा प्रयत्न केला; इंजिनांचा आवाज बदललेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग ते पांढऱ्यात गेलं. आवाज फार मोठा आला नाही. लंगरात मोठं पातेलं फरशीवर पडावं, तेवढाच. मग दरीनं तो चार-पाच वेळा परत ऐकवला.

पॅराशूट अजून खाली येत होतं. दहा बेचाळीसला डाकेचं खोकं टीच्या बरोबर मधोमध टेकलं. आठ महिन्यांतला तो सगळ्यात अचूक ड्रॉप होता. कुणी त्याच्याकडं गेलं नाही. लंगरी पळी हातात धरून तसाच उभा होता.

मी बटण दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. किती वेळ दाबत होतो ते वहीत नाही. सुभेदार साहेबांनी येऊन माझ्या हातातून सेट काढून घेतला.

अकरा पंधराला आम्ही आठ जण निघालो. नकाशावर ती जागा बोटभर लांब होती. मध्ये ओढा, कडा, आणि ढग खाली बसलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. विमानात सात माणसं होती. कुणीही जिवंत नव्हतं. तिथं जे पाहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. एवढंच लिहितो की सांडूला मी तोंडावरून ओळखला नाही. त्याच्या उजव्या मनगटाला रुमालाचं टोक गुंडाळलेलं होतं, त्यावरून ओळखला.

त्या सातांना आम्ही पॅराशूटच्या कापडात बांधून खाली आणलं. त्यांनीच आम्हाला टाकलेली पॅराशूट होती ती. अजून परत न पाठवलेल्या एका पिशवीवर माझ्याच अक्षरातला खडू होता, 'चटणी संपली, आईला सांग.' ती पिशवी मी वापरू दिली नाही. ती आजही माझ्या कपाटात आहे.

डाकेची थैली सहाव्या दिवशी उघडली. तिच्यात माझ्या नावाचा घडी केलेला कागद होता. 'रजा मंजूर. शहागंज पक्कं. उशीर करू नको, आपल्याकडं लई बोलायचं साचलंय.'

चौकशी झाली. बाहेरून तीन अधिकारी आले होते. सभ्य माणसं. एकानं विचारलं, "दगड दिसेनासा कधी झाला?"

मी म्हणालो, "दहा एक्केचाळीस, सर. दिसेनासा झाला त्याच क्षणी कळवलं."

"तोपर्यंत तुमची नजर दगडावर होती?"

"होती, सर."

माझी वही इतकी नीटनेटकी होती की पुढं कुणी विचारलं नाही. हवामान अचानक बदललं, असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा नसेलही. दगड दहा चाळीसला गेला असेल, किंवा एकोणचाळीसला. मी वेळेवर बोललो असतो तर कदाचित विमान निघालं असतं, कदाचित नसतंही. मला माहीत नाही. माहीत व्हायची एकच वाट होती, तिकडं पाहत राहणं, आणि ते माझं काम होतं.

पहिल्या रजेत मी फर्दापूरला गेलो. अजिंठा लेण्यांकडं वळतो त्या रस्त्याच्या अलीकडं, वस्तीच्या टोकाला घर. सांडूचा मोठा भाऊ पर्यटकांना रंगीत दगड विकतो. आई, धोंडाबाई, शेरडं राखायची. मी सांगितलं, मी कडुबा वाघ, सांडू माल टाकायचा त्या पोस्टवरचा.

"म्हंजे ती जवसाची चटणी तूच खाल्ली व्हय!" म्हातारी म्हणाली आणि मला हाताला धरून आत नेलं. बाजरीची भाकरी केली. मी खाली मान घालून जेवत होतो तेव्हा तिनं विचारलं.

"पेटी आली. साहेब म्हनले, उघडायची नाय. म्या माझ्या पोराचं तोंड पाह्यलं नाय. तू तिथंच व्हतास ना? तुला दिसला का रं तो?"

"नाही, आई. विमान लई उंच होतं."

खरं सांगायचं तर तोंड दिसलं म्हटलं की दुर्बीण आली. दुर्बीण म्हटलं की ती कुठं होती हे आलं. मला ते सांगायचं नव्हतं. मी घाबरट नाही, पण त्या चुलीपुढं मी घाबरलो.

त्यानंतर दर वर्षी जात राहिलो. नोकरी सुटली, बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या, तरी जात राहिलो. काहीतरी घेऊन जायचो, शेरडांचं बघायचो, भाकरी खायचो. दर वर्षी म्हातारी तेच विचारायची आणि दर वर्षी मी तेच सांगायचो. बारा वर्षं. शहागंजात मात्र मी पाऊल ठेवलं नाही. तिकडून काही आणायचं असलं की माझं पोट दुखतं, अशी बायकोनं घरात थट्टा करून ठेवलीय. मी थट्टा चालू दिली.

यंदा धोंडाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात झालं. तपासणीसाठी चार दिवस राहायचं होतं, म्हणून मी तिला आमच्या घरी आणलं. डोळ्याला हिरवी पट्टी लावून ती खाटेवर बसायची आणि माझ्या बायकोला लसूण सोलून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीचा शर्ट घालत होतो आणि स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं.

बायको म्हणाली, "पट्टी निघाली की समदं लख्ख दिसंल बघा, आत्याबाई."

"दिसंल गं. पर ज्याला पाहायचं त्याचं तोंड आता आठवंना मला. फोटोतलं आठवतंय. ते त्याचं नाय, फोटोवाल्यानं सरळ बसवलेलं हाय. माझ्या पोराचं तोंड गेलं बघ डोक्यातून."

मी शर्टाची बटणं लावायची थांबलो. ते तोंड माझ्याकडं होतं. बारा वर्षं जसंच्या तसं, मिशीच्या वाकड्या कडेसकट. मी ते कपाटातल्या पिशवीसारखं कुलपात ठेवलं होतं आणि एक म्हातारी ते दर वर्षी माझ्याकडं मागत होती.

मी कंपनीत फोन करून सांगितलं, आज येत नाही. मग तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दगडाचं, दुर्बिणीचं, हुकमाचं, चौकशीत काय बोललो त्याचं. वेळा धरून सांगितलं. बायकोलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं गॅस बंद केला.

धोंडाबाईनं हातातली लसणाची पाकळी ताटात ठेवली.

"त्या दगडाकं पाहायचं काम कुनाचं व्हतं?"

"माझं, आई."

"आन् तू माझ्या पोराकं पाहात व्हतास."

"व्हय."

"म्हंजे तू त्याला पाह्यलं." तिचा आवाज चढला. "ढग आला, इमान पडलं, ते तुझ्यामुळं का ढगामुळं ते मला अडाण्याला काय समजनार? त्ये तू आन् तुझे साहेब बघा. पर तू माझं पोरगं पाह्यलं, आन् मला बारा वर्सं नाय म्हनलास! माझ्या चुलीम्होरं बसून! भाकर खाऊन!"

त्या दिवशी ती जेवली नाही. बायकोनं ताट दोनदा नेलं आणि दोनदा परत आणलं. मला चौकशीत जे भोगावं लागलं नाही ते त्या दुपारी भोगलं, आणि ते रास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. कप घेतला तिनं.

"बस. सांग आता. दारातलं सांग."

मी सांगितलं. उभट चेहरा. सावळा. हेडसेट. उजव्या हातात रुमाल.

"हसत व्हता?"

"हसत होता, आई. दात दिसत होते."

"म्होरचा अर्धा तुटका व्हता त्याचा. शेळीनं ढुशी मारली व्हती ल्हानपनी."

"तेवढं नाही दिसलं. मिशी दिसली."

तिनं कप खाली ठेवला. "मिशी? सांडूला कुठली मिशी?"

"नवी होती. कडा सारख्या नव्हत्या. डावी बाजू जरा वर होती."

म्हातारीनं बोट स्वतःच्या ओठावर डावीकडं ठेवलं आणि ती हसायला लागली. "त्याच्या बापाची तशीच व्हती. डावी बाजू कधी जमली नाय मेल्याला. मला न सांगता मिशी ठेवली व्हय!" ती हसत होती आणि पट्टीखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. कुणी तिला आठवण करून दिली नाही.

"परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं. तीन वेळा सांगितलं. मग तिनं विचारलं, तुमचं भेटायचं कुठं ठरलं व्हतं? मी कागद काढून वाचून दाखवला, आणि घड्याळ, अकराची वेळ, शीळ घालायची खूण, सगळं सांगितलं.

"गेलतास का तिथं?"

"नाही. कधीच नाही."

"मग चल. त्याच्या वाटचं म्या येते."

चौथ्या दिवशी पट्टी निघाली. दवाखान्यातून आम्ही रिक्षानं शहागंजात गेलो. सकाळची गर्दी होती. फळांच्या गाड्या, कपड्यांची दुकानं, हॉर्न. घड्याळाखाली पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर अकराला दोन मिनिटं कमी होती. एक फळवाला म्हणाला, "चाचा, जरा बाजूमें खडे रहो ना, धंदे का टाइम है." धोंडाबाईनं काळा चष्मा लावला होता. ती त्याला म्हणाली, "दोन मिन्टं थांब रं, माझं लेकरू यायचंय." तो बिचारा गाडी मागं घेऊन उभा राहिला.

मी सावधान उभा होतो. तसं उभं राहायचं ठरवलं नव्हतं.

अकरा वाजले. म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला आणि शीळ घातली. दोन आखूड, एक लांब, शेवटाला वर चढणारी. सांडूला ती तिनंच शिकवली होती, हे मला तिथं कळलं. भर शहागंजात लोक थांबून बघायला लागले.

माझा उजवा अंगठा खिशात आपोआप दोनदा दाबला गेला. टक, टक. मग मी रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. चौकशीच्या कागदावर माझ्या सहीनिशी 'नजर दगडावर होती' असं आहे. ते खोटं आहे. मी संबंधित कार्यालयाला तसं पत्र पाठवलं आहे आणि इथंही नोंदवतो: दहा अडतीस ते दहा एक्केचाळीस, नाईक कडुबा वाघ याची नजर दगडावर नव्हती. पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

विमानात सात माणसं होती. चौघं विमान चालवणारे आणि तिघं माल ढकलणारे. त्या सातांनी आठ महिने आमच्या बत्तीस जणांना जेवायला घातलं. सातही नावं मला पाठ आहेत. रोज सकाळी दहा अडतीसला मी गेटवरचं पेन खाली ठेवतो आणि ती मनात म्हणतो. तीन मिनिटांत सात नावं सावकाश होतात. तेवढा वेळ ट्रक थांबतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. सांडूचं नाव मी शेवटी घेतो, कारण डाक नेहमी शेवटी असायची.